खरखर कमी झाली, पण ऐकू आलं का?

नवा एचएफ सेट घ्यायला निघालेल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो: “याचं नॉइज रिडक्शन कसं आहे?” प्रश्न रास्त आहे. वसईतल्या सांडोरसारख्या दाट वस्तीत 40 मीटरच्या पट्ट्यावर सकाळचं नेट, म्हणजे हॅमांची रेडिओवरची बैठक, ऐकायची तर खरखरीतून शब्द वेचावे लागतात. पण दुकानात नाहीतर व्हिडिओत बटण दाबताच खरखर गप्प होते आणि माणूस तिथेच भुलतो. मी दोन सेट एकाच डायपोलवर लावून पाहिले. जो कानाला जास्त शांत वाटत होता, त्यावर कागदावर उतरलेले शब्द कमी भरले. म्हणून सेटवर पैसे घालण्याआधी हे वाचा.

एनबी आणि एनआर ही दोन बटणं वेगवेगळ्या रोगांवरची आहेत. एनबी, म्हणजे नॉइज ब्लँकर, ठिणगीसारखे तीक्ष्ण ठोके ओळखतो आणि तेवढा क्षण रिसीव्हर बंद करतो. बाजूला एखादं जोरदार स्टेशन असेल, तर हाच एनबी आवाज फाडतो. एनआर, म्हणजे नॉइज रिडक्शन, सलग सुसाट्यावर चालतं: आवाजात माणसाच्या बोलण्यासारखी सुसंगती कुठे आहे ते शोधायचं आणि उरलेलं दाबायचं. आयकॉम आयसी-7300 वर एनआरची पातळी 0 ते 15, यासूच्या बऱ्याच सेटवर डीएनआर 1 ते 15, केनवूड टीएस-590एसजीवर एनआर1 आणि एनआर2. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. इथला 8 म्हणजे तिथला 8 नव्हे, त्यामुळे आकडा सारखा ठेवून केलेली तुलना फुकट जाते.

आता खरखर कुठली, ते पाहा. आमच्याकडे तिचे तीन प्रकार भेटतात. समुद्राच्या वाऱ्याने विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरवर खार बसतो, तिथे ठिणग्या उडतात आणि 100 हर्ट्झचा गुंजारव येतो. यावर एनबी गुण देतो. दुसरा प्रकार एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांच्या स्विचिंग सप्लायचा. पट्ट्यावर ठराविक अंतराने फुगवटे दिसतात आणि ते हळूहळू सरकतात. डिसेंबरात घराघरांवर नाताळचे तारे आणि दिव्यांच्या माळा लागल्या की स्वस्त अॅडॅप्टरांची भर पडते. इथे एनबी हतबल, एनआर थोडाफार उपयोगी. तिसरा प्रकार मे महिन्यातल्या वळवाच्या विजांचा कडकडाट. त्यावर कुठल्याच सेटचं एनआर फारसं चालत नाही. आरएफ गेन खाली आणून कान वाचवावेत, एवढंच.

जुलै 2018 च्या पुरात वसईत वीज गेली, तेव्हा बॅटरीवर सेट लावला आणि एस-मीटरची सुई कित्येक वर्षांत पाहिली नव्हती इतकी खाली बसलेली दिसली. आकाश तेच, तार तीच, सेटही तोच. एस-मीटरवरची एक पायरी साधारण 6 डेसिबलची धरतात. अशा दोन-तीन पायऱ्या मुळातून उतरल्या, तर जो फायदा होतो तो कुठल्याही बटणाने मिळत नाही. एनआरने कानाला शांत वाटतं, पण खरखरीखाली पूर्ण बुडालेला शब्द ते परत आणू शकत नाही.

म्हणून पहिली चाचणी नव्या सेटची करू नका, घराची करा. 12 व्होल्टच्या बॅटरीवर सेट चालवा. नुसतं ऐकायला एक-सव्वा अँपिअर पुरतो. मग मेन स्विच पाडा. खरखर पडली तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चढवत जा, सापडेल. पडली नाही तर जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, स्टेशन नसेल तिथे लावून गल्लीतून फिरा. अॅडॅप्टरजवळ तो ओरडू लागतो. शेजाऱ्यांकडे तक्रार घेऊन जाऊ नये. “काका, हा अॅडॅप्टर बदलून बघू का? खर्च माझा,” एवढं म्हटलं की बहुतेक वेळा काम होतं. अॅडॅप्टरच्या वायरीला आणि अँटेनाच्या कोअॅक्सला 31 नंबरच्या मिक्सच्या फेराइट रिंगवर काही वेढे द्या. एचएफच्या खालच्या पट्ट्यांना हे मिश्रण मानवतं.

एवढं करूनही दोन सेटांची तुलना करायची असेल, तर अशी करा. एकच अँटेना स्विचने दोघांना द्या, म्हणजे क्षणात इकडून तिकडे जाता येईल. बँड दहा मिनिटांत बदलतो, काल ऐकलेलं आजच्याशी ताडू नका. फिल्टरची रुंदी दोन्हीकडे सारखी ठेवा, 2.4 किलोहर्ट्झ. प्रीअँप बंद. अँटेना काढून पुन्हा लावा; लावताच खरखर स्पष्ट वाढत असेल, तर सेटची संवेदनशीलता पुरेशी आहे, प्रीअँपची गरज नाही. हेडफोन एकच वापरा आणि आवाज सारखा करून घ्या, कारण जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो. एनआर लावल्यावर एस-मीटर खाली आला नाही म्हणून निराश होऊ नका. मीटर बहुतेक सेटांत त्याच्या आधीचं मोजतो.

मग दूरच्या मित्राला कमी वॅटवर यादी वाचायला सांगा. माझा नाशिकचा मित्र गावांची नावं आणि आकडे मिसळून वाचत होता: निर्मळ, साठ, भुईगाव, सात, पापडी, आठ. मी कागदावर लिहून घेत होतो, आणि कुठला सेट चालू आहे हे मला कळू नये म्हणून स्विच मुलाच्या हातात होता. एनआर जास्त चढवला की स, श, फ असे सुसाट्याचे वर्ण खरखरीबरोबर गिळले जातात, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. सात आणि साठ तिथेच गोंधळले. पातळी खाली आणली, फिल्टर थोडा अरुंद केला, आरएफ गेन कमी केला, तर दोन्ही सेटांतला फरक जवळपास पुसला गेला.

एफटी8 सारख्या डिजिटल मोडला तर एनआर आणि एनबी दोन्ही बंद ठेवा. सॉफ्टवेअरला कच्चा आवाज हवा असतो.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा: आधी फेराइट आणि चांगले अॅडॅप्टर, मग घरापासून लांब नेलेली अँटेना, आणि त्यानंतरही नेटवरचं बोलणं हुकत असेल तर सेट. त्या वेळी विक्रेत्याला किंवा ओळखीच्या हॅमला म्हणा, एक दिवस सेट माझ्या तारेवर लावून बघू द्या. बघताना शांततेला मार्क देऊ नका. कागदावर उतरलेले कॉल साइन मोजा.