निवांत या, पण लवकर या

प्रश्न : ऑफिसातल्या मित्राचं लग्न वैशाखात त्याच्या गावी, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आहे. मांडव वस्तीवर, घरासमोरच्या रानात. पत्रिकेवर मुहूर्त ‘दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे’ असा मिनिटासकट छापलाय आणि मित्र म्हणतो, ‘घाई करू नका, निवांत या.’ यातलं खरं काय मानायचं? मी, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी असे तिघं जाणार आहोत. आम्ही दोघंही शहरात वाढलो, गावाकडचं लग्न कधी पाहिलेलं नाही. कसं जायचं, सोबत काय न्यायचं, आहेर किती करायचा, कुठे चुकायला होईल, सगळंच विचारतो.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही खरं आहे. आधी मुहूर्ताचं. ‘लग्न’ हा शब्द ज्योतिषातलाही आहे. एखाद्या क्षणी पूर्व क्षितिजावर जी रास उगवत असते, तिला त्या क्षणाचं लग्न म्हणतात. दिवसरात्रीत बारा राशी उगवतात, म्हणून एक लग्न साधारण दोन तास चालतं. पंचांग पाहून भटजी त्यातली योग्य वेळ काढून देतात आणि तीच पत्रिकेवर छापली जाते. मनगटावर घड्याळं नव्हती तेव्हा ही वेळ घटिकापात्राने मोजत. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. ‘घटका भरली’ असं आपण म्हणतो ते त्या वाटीवरूनच.

आता मित्राच्या ‘निवांत’चं. वस्तीवरच्या लग्नाला दुपारी चार वाजता हॉल रिकामा करून द्यायचा नसतो. नवरदेवाला आधी वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्यापुढे पोरं नाचतात, वाटेत कुणी ओवाळायला थांबवतं, इकडे माइकवरून पाहुण्यांचं स्वागत चालू राहतं आणि १२.३५ चा सव्वा वाजतो. कधी भटजी आणि घरातले जुने लोक वेळेला पक्के असतात, मग १२.३५ ला अंतरपाट धरलेला असतो. कोणतं घर कसं, हे पाहुण्याला आधी कळत नाही. म्हणून मांडवात अकरापर्यंत असावं.

माझं ऐकाल तर आदल्या दिवशी दुपारीच पोचा. ‘निवांत या’ म्हणजे उशिरा या असं नव्हे, हाताशी वेळ ठेवून या. वस्तीवरचं लग्न लोकांनी दिलेल्या वेळेवरच उभं राहतं. मांडव घालणं, पाणी आणणं, वाढणं ही कामं भावकी आणि शेजारपाजार वाटून घेतात, आणि ज्याच्याकडे वेळ आहे तो हात लावतो. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही याच धाग्यावर आहेत.

प्रश्न : पत्ता नेमका कसा शोधायचा?

उत्तर : पत्रिकेवरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. ‘मु.’ म्हणजे मुक्काम, लग्नाचं गाव. ‘पो.’ म्हणजे त्या गावाचं टपाल जिथे येतं ते गाव. दोन्ही एकच असेल तर ‘मु. पो.’ असं जोडून लिहितात. वेगळी असतील आणि तुम्ही मोबाइलच्या नकाशात पोस्टाचं गाव टाकलंत, तर भलत्याच पारावर जाऊन उभे राहाल.

गावाच्या नावापुढे ‘बुद्रुक’ किंवा ‘खुर्द’ असेल तर तेही सोडू नका. हे शब्द फारसीतून आले. बुद्रुक (‘बुजुर्ग’वरून) म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं जवळजवळ असली की ती अशी ओळखतात. वडगाव, पिंपळगाव अशी नावं तर महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात, म्हणून तालुका आणि जिल्हा पाहिल्याशिवाय निघू नका.

शिवाय तुमचं लग्न गावात नाही, वस्तीवर आहे. वस्ती म्हणजे गावठाणापासून लांब, रानात बांधलेली भावकीची घरं. त्या आडनावाच्या दोन-तीन वस्त्या वेगवेगळ्या दिशांना असू शकतात. मित्राकडून ठिकाणाची खूण मोबाइलवर मागवून घ्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण रानात रेंज जाते-येते. शेवटचा उपाय सगळ्यात खात्रीचा: पारावरच्या माणसाला राम राम करून नवरदेवाच्या वडिलांचं नाव सांगा. गावात घर माणसाच्या नावाने सापडतं.

प्रश्न : गाडी नाही. एसटीने जमेल का?

उत्तर : चांगलं जमेल. पुण्याला स्वारगेटहून फलटणमार्गे दहिवडी गाठा. दहिवडी हे माणचं तालुक्याचं गाव. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून तिकिटात ५० टक्के सवलत आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. त्या सवलती राज्याच्या हद्दीत चालतात आणि वयाची सवलत हवी तर ओळखपत्र लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांचं तिकीट नसतं, त्यामुळे तुमच्या लेकीचा प्रवास फुकट.

दहिवडीपासून पुढे वडाप. प्रवासी भरले की सुटणारी जीप किंवा रिक्षा ती वडाप; विदर्भ-मराठवाड्यात तिचीच बहीण काळी-पिवळी. वडापला वेळापत्रक नसतं आणि दिवेलागणीनंतर ती मिळेलच असं नाही. आडगावांना बऱ्याचदा संध्याकाळी एक मुक्कामी एसटी जाते, रात्री गावातच थांबते आणि सकाळी परत निघते. तुमच्या गावाला तशी गाडी आहे का हे मित्राला विचारा. लग्नाच्या दिवशी तालुक्याहून पाहुणे आणायला घरची एखादी गाडी बहुधा फेऱ्या मारत असते. ‘आम्ही अमुक वाजता दहिवडी स्टँडवर असू’ एवढं आदल्या दिवशी कळवलंत की कुणीतरी न्यायला येतं. मात्र ऐनवेळी नवरदेवाला फोन करू नका. त्याच्या भावाचा किंवा चुलतभावाचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

प्रश्न : पिशवीत काय भरायचं?

उत्तर : माण हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, कमी पावसाचा भाग. वैशाखात दुपार भाजून काढते. सुती कपडे, डोक्याला टोपी किंवा उपरणं आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली हवीच. मुलीसाठी मीठ-साखरेचं पाणी करता यावं याची तयारी ठेवा: एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तिची नेहमीची औषधं बरोबर असू द्या. अडचण आली तर रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

दुपारी आभाळ भरून वळीव कोसळू शकतो. तो बघता बघता येतो, मांडवाचं कापड फाडतो आणि तासाभरात निघून जातो. विजा चमकत असतील तर लोखंडी खांबांच्या मांडवात किंवा झाडाखाली थांबू नका, मुलीला घेऊन पक्क्या घरात जा.

रात्र मात्र सुखाची. उघड्या माळावर वारं सुटतं आणि पाहुण्यांच्या पथाऱ्या अंगणात, माळवदावर पडतात. एक चादर आणि एक बॅटरी न्या. विंचवाचा भाग आहे, सकाळी चपला-बूट झटकूनच पाय घाला. देवघरात, मांडवात, पंगतीत चपला सारख्या काढाव्या लागतात, तेव्हा नाड्यांचे बूट नकोत. शौचालय कुठे आहे हे पोचल्यावर लगेच घरच्या बाईमाणसाला विचारायला पत्नीला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, शेकडो पाहुण्यांची सोय करणाऱ्या घराला हा प्रश्न अपेक्षितच असतो.

आणि पाणी जपून वापरा. टँकरचं पाणी पिऊन इथल्या अनेक गावांनी उन्हाळे काढलेत. लग्नघरी भरलेल्या प्रत्येक पिंपामागे कुणाचा तरी हेलपाटा असतो.

प्रश्न : हळदीला पांढरा कुर्ता चालेल?

उत्तर : जुना असेल तर. आदल्या संध्याकाळी हळद लागली की नवरदेवाच्या मित्रांना कुणी सोडत नाही. डागाची एक गंमत माहीत असलेली बरी. हळदीतला पिवळा रंग साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाला लागला की लालभडक होतो. पुष्कळ जण घाबरून आणखी साबण घासतात. त्याची गरज नाही. साबण धुऊन गेला की रंग पुन्हा पिवळ्यावर येतो, आणि कापड कडक उन्हात वाळवलं की तो पिवळाही फिका पडत जातो, कारण हळदीच्या रंगाला ऊन सोसत नाही. वैशाखात उन्हाला तोटा नाही.

प्रश्न : मांडवात कसं वागायचं?

उत्तर : ओळख करून देताना हुद्दा आणि कंपनी नंतर सांगा. ‘कुठलं पाव्हणं?’ या प्रश्नाचं उत्तर असतं, ‘ठाण्याचे, नवरदेवाचे दोस्त.’ एवढ्यावर तुमची जागा ठरते. मित्राच्या वडिलांना घरात तात्या, आबा, अण्णा जे म्हणत असतील तेच तुम्ही म्हणा आणि वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करा.

अक्षता हातात येतील त्या तांदळाच्या किंवा रंगवलेल्या ज्वारीच्या असतील. त्या जपून वापरा. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ आलं की थोड्या थोड्या टाकायच्या आणि शेवटच्या वेळेला मूठभर राखायच्या. लांबून जोरात फेकू नका, पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत जातात. मंगलाष्टकं घरचे लोकही रचून म्हणतात, त्यामुळे ती आठावर थांबतील असं धरून चालू नका. मुलीला आधी खाऊ घाला. लांबून आलेल्यांना आणि लेकरांना मुहूर्ताआधी वाढायला बऱ्याच घरांत ना नसते.

तुम्हाला फेटा बांधायला बसवलं किंवा टोपी-टॉवेल दिला तर ‘कशाला, कशाला’ म्हणून हात मागे घेऊ नका. तो मान आहे. फेटा निदान अक्षता पडेपर्यंत डोक्यावर राहू द्या. पत्नीची ओटी भरतील, त्यासाठी साडीचा पदर किंवा मोठी ओढणी हवी.

जेवण पंगतीत असेल, जमिनीवर, मांडी घालून. लापशी किंवा बुंदी, वांग्या-बटाट्याची भाजी, आमटी-भात असा साधा, चवीचा बेत असतो. सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत थांबावं आणि आपलं आटोपलं तरी पंगत उठेपर्यंत बसावं. नको असेल तेव्हा वाढणाऱ्याला आधीच दोन्ही हात पानावर आडवे धरून दाखवा, कारण इथे आग्रह मनापासून असतो. पानात टाकलेलं अन्न ते पिकवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टाकलेलं असतं, हे विसरू नये.

तुमचं जेवण झालं की पुढच्या पंगतीला पाण्याचा जग हातात घ्या. कुणी म्हणेल, ‘पाव्हणं, तुम्ही बसा.’ एकदा हसा आणि वाढायला लागा. त्या अर्ध्या तासात जेवढी माणसं तुमच्या ओळखीची होतील तेवढी दिवसभर खुर्चीवर बसून होणार नाहीत.

प्रश्न : आहेर किती आणि कसा?

उत्तर : पत्रिकेवर ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असं असेल तर ते शब्दशः पाळा. नसेल तर झेपेल तेवढं करा. आकड्यावर एक रुपया चढता ठेवण्याची रीत आहे, १०१, ५०१. व्यवहार शून्यावर संपू नये ही त्यामागची भावना. फुलांचे गुच्छ आणि काचेची मोठी खोकी टाळा. वस्तीवर ती ठेवायची कुठे, हा घरच्या माउलीपुढे प्रश्न होतो.

मांडवाच्या एका कडेला टेबल मांडून कुणीतरी वही घेऊन बसलेलं असतं. पाकीट तिथे द्यायचं. शहरातल्या माणसाला पैसे मोजून नाव लिहून घेणं खटकतं. पण ती वही घराच्या आठवणीची असते. पुढे कुणाच्या घरी कार्य निघालं की ती उघडतात, नाव शोधतात आणि आलेला आहेर फेडायला निघतात. म्हणून पाकिटावर नुसतं ‘शुभेच्छुक’ लिहू नका, पूर्ण नाव आणि गाव लिहा.

निघताना नवरदेवाच्या आई-वडिलांना भेटल्याशिवाय निघू नका, आणि ‘जातो’ म्हणू नका, ‘येतो’ म्हणा. त्या वहीत भोवतालच्या गावांच्या नावांमध्ये ‘ठाणे’ लिहिलेलं असेल. उद्या तुमच्या घरी वास्तुशांत असो की एखादं बारसं, मित्राचे तात्या ती वही पाहतील, मुक्कामी गाडीने पहाटे निघतील आणि तुमच्या दारात उभे राहतील. तेव्हा त्यांना तुम्ही पहिलं वाक्य कोणतं म्हणाल ते मी आत्ताच सांगतो: ‘या, निवांत बसा.’