मांकड हें नांव आणि वर्तमानपत्रांची भाषा

मधल्या सुट्टींत क्रिकेटचा खेळ रंगला असतां "मांकड केलें, मांकड केलें!" असा ओरडा मैदानावरून आम्ही पुष्कळदां ऐकतों. मांकड हे कोण, असें ओरडणाऱ्या मुलांस विचारिलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं; त्यांनीं कांहीं तरी लबाडी केली होती, एवढेंच त्यांस ठाऊक असतें. पालकांपैकींही अनेकांची समजूत याहून निराळी नसावी. ती कशी झाली हें पाहण्यासारखें आहे.

विनू मांकड मूळचे जामनगरचे. परंतु मुंबईच्या संघाकडून ते अनेक वर्षें खेळले व १९७८ सालीं मुंबईंतच वारले. सन १९४७ च्या अखेरीस आपला संघ ऑस्ट्रेलियास गेला होता. गोलंदाजाच्या बाजूस उभा असलेला फलंदाज चेंडू सुटण्यापूर्वींच रेघ सोडून पुढें सरकला, तर दांडी पाडून त्यास बाद करण्याची गोलंदाजास मुभा आहे. बिल ब्राऊन हा तसा सरकत असे. नोव्हेंबरांतील एका सामन्यांत मांकडांनीं त्यास प्रथम ताकीद दिली व नंतर बाद केलें. पुढें १३ डिसेंबर रोजीं सिडनीच्या कसोटी सामन्यांत तेंच पुन्हां घडलें. तेथील कांहीं वर्तमानपत्रांनीं मांकडांच्या खिलाडूवृत्तीवर टीकेची झोड उठविली. प्रतिपक्षाचे कर्णधार ब्रॅडमन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत मांकडांचाच पक्ष घेतला. पण नांव चिकटलें तें चिकटलेंच.

येथें व्याकरणाचा तास आठवावा. 'ब्राऊन वेळेआधीं रेघ सोडून निघाला' आणि 'मांकडांनीं ब्राऊनला बाद केलें' हीं दोन्ही वाक्यें खरीं आहेत. परंतु पहिल्याचा कर्ता ब्राऊन, दुसऱ्याचा मांकड. आणि वाचक दोष शोधतो तो कर्त्याच्या ठिकाणीं. बातमीदारानें खोटें कांहींच लिहिलें नाहीं, केवळ कर्ता निवडला! असे बळी इंग्लंडांत मांकडांपूर्वीं शंभर वर्षें घेतले गेले होते. त्या गोलंदाजांचीं नांवें कोणाच्या तोंडीं नाहींत. सुनील गावसकर यांनीं या शब्दप्रयोगास हरकत घेतली असून, नांव द्यावयाचेंच तर ब्राऊनचें द्या, असें सुचविलें आहे. आम्हांस तें न्याय्य वाटतें. भारताच्या पहिल्या कसोटी विजयांत, मद्रास येथें १९५२ सालीं, मांकडांनीं १२ बळी घेतले. त्याच वर्षीं लॉर्ड्सवर ७२ व १८४ धावा काढून ५ बळीही घेतले. पंकज रॉय यांच्यासह १९५६ सालीं केलेली ४१३ धावांची त्यांची सलामी ५२ वर्षें अभंग राहिली. यांतलें कांहींच त्या ओरड्यांत येत नाहीं.

सन २०२२ च्या २४ सप्टेंबरला लॉर्ड्सवर दीप्ती शर्मा हिनें इंग्लंडच्या चार्ली डीन हिला याच रीतीनें बाद करून सामना संपविला. ताकीद दिली होती, असें दीप्ती म्हणाली. दिली नव्हती, असें इंग्लंडची हीदर नाइट म्हणाली. मग कोण खरें बोलतें, यावरच चर्चा रंगली. नियमांत ताकिदीची अटच नाहीं, हें मागें पडलें. नियमकर्त्या एम. सी. सी. नें तर त्या मार्चमध्येंच हा प्रकार 'अयोग्य खेळा'च्या कलमांतून काढून 'धावचीत'च्या कलमांत घालण्याचें जाहीर केलें होतें. १ ऑक्टोबरपासून तो बदल अमलांत आला.

सीवूड्सहून एकच स्टेशन पलीकडे, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, २ नोव्हेंबर २०२५ रोजीं महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसामुळें खेळ उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीच्या सुमारास संपला. दीप्तीनें ५८ धावा केल्या, ५ बळी घेतले. शेवटचा बळीही तिचाच. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हां आमच्या मैदानावर, आज दीप्ती कोणी व्हावयाचें, यावरून मुलींत वाद लागला. लॉर्ड्सची गोष्ट त्यांतील एकीसही ठाऊक नव्हती.