लाकडाची पारख

(परिसर अभ्यास)

मी चौथीत शिकते. आमचे गाव पारनेर तालुक्यात आहे. आपल्या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण आमचे आबा अजून नगरच म्हणतात. आबा म्हणजे माझे आजोबा.

आमचे जुने घर धाब्याचे होते. धाब्याच्या घराला वर कौल नसते आणि पत्राही नसतो. लाकडाच्या तुळया, त्यावर लाकडाच्या कड्या आणि त्यावर मातीचा थर असतो. या दिवाळीच्या सुट्टीत ते घर उतरवले. तिथे आता स्लॅबचे घर होणार आहे. सगळे लाकूड अंगणात रचून ठेवले. मग वखारवाले टेम्पो घेऊन आले. ते म्हणाले, "सगळं जळाऊच आहे. एकाच भावात घेतो." सिमेंटला पैसे लागणार होते, म्हणून वडील हो म्हणणार होते. तेवढ्यात आबा ढिगावर जाऊन बसले आणि म्हणाले, "एकाच भावात? लाकूड काय सगळं एक असतं काय?"

वखारवाले म्हणाले, "बरं, परवा येतो." मग आबांनी मला सुतारबाबांना बोलवायला पाठवले. सुतारबाबा आता फार म्हातारे आहेत. त्यांची मुले सेंट्रिंगचे काम करतात. पूर्वी गावातल्या सगळ्यांची औते तेच करत आणि दुरुस्त करत. त्याबद्दल खळ्यावर त्यांना धान्य मिळे. त्याला बलुते म्हणत. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता.

सुतारबाबा दोन दिवस आमच्या अंगणात बसले. त्यांनी एकेक लाकूड हातात घेऊन, थोडे तासून, वास घेऊन सांगितले. मी वहीत लिहून घेतले. तेच या लेखात देत आहे.

घराचे लाकूड

आमच्या दाराची चौकट कडूलिंबाची निघाली. वरून ती काळी दिसत होती. सुतारबाबांनी पटाशीने थोडी सोलली तर आत तांबूस रंग आणि उग्र वास! कडूलिंब कडू असतो, म्हणून त्याला वाळवी आणि किडा सहसा लागत नाही. चौकट भिंतीत बसते आणि तिचे पाय जमिनीत असतात. वाळवी तिथूनच चढते. म्हणून चौकटीला लिंब.

दाराच्या फळ्या सागाच्या होत्या. सागात तेल असते. त्यामुळे तो पाणी लवकर पीत नाही, आणि ऊन-पाऊस खाऊनही फारसा वाकत नाही. पण आमच्या गावात बांधावर साग नसतो. तो विकत आणावा लागे. म्हणून सगळे घर सागाचे करायची ऐपत नव्हती. पणजोबांनी फक्त दार सागाचे केले. बाकी सगळे जवळ मिळाले ते.

तुळया बाभळीच्या होत्या. धाब्याच्या मातीचे ओझे फार असते आणि पावसात ती माती भिजून आणखी जड होते. एवढे ओझे पेलायला बाभूळच पाहिजे.

कड्यांमध्ये चार कड्या आंब्याच्या होत्या. त्यांना भुंगा लागून आत पिठासारखा भुगा झाला होता. सुतारबाबा म्हणाले, "त्या साली दुसरं लाकूड मिळालं नसंल. आंबा घरात घालू नये असं नाही, पण त्याला कोरडं ठेवावं लागतं. तो फळ्यांना, खोक्यांना चांगला."

उंबरठ्याला आजी उंबरा म्हणते. उंबर हे झाडाचेही नाव आहे. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "संस्कृतमध्ये उदुंबर या शब्दाचे उंबराचे झाड आणि दाराचा उंबरठा असे दोन्ही अर्थ आहेत." पण आमचा उंबरा मात्र बाभळीचा होता. त्यावर सगळ्यांचे पाय पडून मध्ये खळगा झाला आहे.

औताचे लाकूड

आमच्या भागात पाऊस कमी. म्हणून बांधावर बाभूळ, हिवर, बोर आणि लिंब हीच झाडे जास्त. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला भंडारदऱ्याकडे पाऊस खूप पडतो, तिथे जंगल आहे आणि झाडेही वेगळी आहेत. जिथे जे उगवते त्यातूनच माणसे निवड करत.

आमच्याकडे शेतीचा राजा म्हणजे बाभूळ. नांगर, कुळव, गाडी, मोटेचे चाक, सगळे तिचेच. ती कठीण असते आणि चिवटही असते. कठीण म्हणजे लवकर झिजत नाही. चिवट म्हणजे धक्का बसला तरी चटकन तुटत नाही.

मला वाटायचे, सुतार सरळ लाकूड शोधतो. पण नांगराला वाकडे लाकूड लागते! लाकडात उभे धागे असतात. सरळ लाकूड कापून वाकडा आकार केला तर ते धागे मध्येच तुटतात आणि तिथेच नांगर मोडतो. झाडच वाकडे वाढले असेल तर धागेही त्याच्याबरोबर वळतात. म्हणून आबांचे वडील बांधावरची एखादी वाकडी बाभूळ हेरून ठेवत आणि म्हणत, "ही नांगराची." मग दहा वर्षे तिला कोणी हात लावत नसे.

याच्या उलट कुऱ्हाडीच्या दांड्याला धागे अगदी सरळ पाहिजेत. दांडा बाभळीचा किंवा बोरीचा करतात. म्हणजे झाडाचाच दांडा झाड तोडतो. म्हणूनच म्हण आहे, 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.' गोत म्हणजे आपले नातेवाईक. ही म्हण पुस्तकात होती, पण ती मला आत्ता नीट कळली.

लाकूड तोडले की लगेच वापरत नसत. ओले लाकूड वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून ते सावलीत वाळवत. उन्हात ठेवले तर भेगा पडतात. बाभळीचे ओंडके आधी काही महिने पाण्यात बुडवून ठेवत. त्यामुळे लाकडातला रस निघून जातो आणि किड्याला खायला काही उरत नाही. कामाला घेताना आतला गडद गाभा घेत. वरचा पांढरट भाग कच्चा असतो, त्याला किडा लवकर लागतो.

गाडीचे चाक

आमच्या जुन्या बैलगाडीचे एक चाक गोठ्यामागे पडले आहे. मी त्याचे भाग मोजले. मध्ये जाड तुंबा आहे. त्यातून १२ आरे निघतात. बाहेरची गोलाई ६ वाकड्या तुकड्यांची आहे. एका तुकड्यात दोन आरे बसतात. एवढ्या मोठ्या चाकात सुतारबाबांनी एकही खिळा मारला नव्हता!

मग ते सुटत कसे नाही? त्याचे कारण धाव. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करत असे. मग तिच्याभोवती गोवऱ्या रचून ती लाल होईपर्यंत तापवत. लोखंड तापले की वाढते. तशी लाल धाव चिमट्यांनी उचलून चाकावर बसवत आणि लगेच वरून पाणी ओतत. धाव थंड होऊन आकसते आणि सगळे चाक आवळून धरते. त्या वेळी लाकूड कुरकुर वाजते असे आबा सांगतात.

पाण्यातले लाकूड

जिथे माती ढासळते तिथे विहीर बांधताना तळाशी लाकडाचे गोल कडे ठेवून त्यावर दगड रचत. ते कडे जांभळाचे किंवा उंबराचे करत. ही लाकडे पाण्याखाली खूप वर्षे टिकतात. मी विचारले, "पाण्यात लाकूड कुजत नाही का?" गुरुजींनी समजावले की, लाकूड कुजवते ती बुरशी. बुरशीला हवा लागते. कायम पाण्याखाली असलेल्या लाकडाला हवा मिळत नाही. जे लाकूड कधी ओले, कधी कोरडे होते तेच लवकर कुजते. कुंपणाचा खांब म्हणूनच जमिनीलगत आधी मोडतो. तुम्ही पाहा.

बाकीची लाकडे

मुसळाला खैर घेत, कारण ते कठीण आणि वजनदार असते. तेलाच्या लाकडी घाण्याला चिंच घेत. पांगारा अगदी हलका असतो. कोकणात सावंतवाडीला त्याची रंगीत खेळणी करत. वडाचे आणि पिंपळाचे झाड आमच्याकडे कोणी तोडत नाही. वेडी बाभूळ नावाने बाभूळ असली तरी ती वेगळी. ती परदेशातून आलेली आहे. ती वाकडीतिकडी वाढते आणि आमच्याकडे फक्त सरपणाला चालते.

आमचा प्रयोग

सुतारबाबांनी आम्हाला चार लाकडांचे काड्यापेटीएवढे सारखे तुकडे करून दिले. आम्ही वर्गात ते बादलीत सोडले. पांगारा बराचसा पाण्यावर राहिला. आंबा आणि साग अर्ध्याहून जास्त बुडाले. बाभूळ जेमतेम वर दिसत होती. सर्वांचा आकार एकच, मग असे का? हलक्या लाकडात बारीक पोकळ्या जास्त असतात आणि त्यात हवा असते. बाभळीत पोकळ्या कमी. म्हणूनच ती जड, आणि म्हणूनच ती ओझे पेलते.

एक चूक

आता मला एक गोष्ट सांगायची आहे. पाभरीला वर लाकडी चाडे असते. ते वाटीसारखे असते आणि त्याला खाली भोके असतात. पेरताना त्यात मुठीने बी सोडतात. पेरणी सुरू केली की 'चाड्यावर मूठ धरली' असे म्हणतात. आमच्या शेतात चाड्यावर मूठ आजी धरायची. आता ट्रॅक्टरने पेरणी होते. मागच्या हिवाळ्यात अंघोळीचे पाणी तापवायला सरपण कमी पडले, तेव्हा ते चाडे मीच चुलीत घातले. मला ते नुसते लाकूड वाटले. ते बाभळीच्या गाभ्याचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी राखेत निखारा अजून लाल होता. आजी चुलीजवळ आली, तिने तो पाहिला. ती काही बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

वखारवाल्यांना सगळे एकसारखे वाटले, तसेच मलाही वाटले होते. ओळख नसली की सगळे जळाऊच दिसते.

शेवटी काय झाले

वखारवाले परत आले तेव्हा आबांनी ढीग वेगवेगळे केले होते. भुंगा लागलेल्या कड्या आणि मोडकी लाकडे जळाऊच्या भावात गेली. बाभळीच्या तुळयांपैकी दोन एका शेतकऱ्याने गोठ्याला नेल्या आणि चांगले पैसे दिले. सागाचे दार व लिंबाची चौकट नव्या घराला बसवायची आहे. वडील आधी म्हणत होते, "नव्या घराला जुनं दार कशाला?" पण सुतारबाबांनी रंधा मारून दाखवल्यावर ते गप्प झाले. उंबऱ्याचे अजून ठरलेले नाही. आई म्हणते, खळगा पडलेला उंबरा नको. आजी म्हणते, तोच पाहिजे.

मित्रांनो, लाकूड ओळखायचे ते तोडण्यासाठी नव्हे. आपल्या तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी केली, म्हणून तिथे झाडे वाढली. साग, आंबा, चिंच, जांभूळ, खैर अशी झाडे परवानगीशिवाय तोडायला १९६४ च्या कायद्याने मनाई आहे. पण जे लाकूड आधीच घरात आहे, ते ओळखून वापरले तर एक झाड वाचते. पालकांनाही माझी विनंती आहे. जुने घर उतरवाल तेव्हा आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

हे भित्तिपत्रक ज्या चौकटीत लावले आहे ती आमच्या जुन्या खिडकीची आहे. ती सुतारबाबांनी शाळेला करून दिली. जवळ येऊन वास घ्या आणि कोणते लाकूड ते ओळखा.

सांगा पाहू
१. नांगराला वाकडे लाकूड का घेत?
२. धाव तापवून का बसवतात?
३. कुंपणाचा खांब कुठे आधी मोडतो? का?
४. तुमच्या घरातल्या पाच लाकडी वस्तू कोणत्या लाकडाच्या आहेत? आजी-आजोबांना विचारून लिहा.

– इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी