वनस्पतीचा अर्क ते औषध : स्तनाच्या कर्करोगाविरुद्ध दीर्घ परीक्षा

नशिराबादसारख्या गावी एखाद्या स्त्रीच्या स्तनात गाठ आढळली की, झाडपाल्याचा रस वा लेप सुचविणारे भेटतातच. वनस्पतींत कर्करोगाविरुद्ध द्रव्ये असतात, हे खरे. परसातल्या सदाफुलीपासून लाभलेली व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही औषधे १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. परंतु अर्क आणि औषध यांत मोठे अंतर असते.

पहिली पायरी

नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत असे अर्क तपासले जातात. स्तनाच्या कर्करोगाच्या ‘एमसीएफ-७’ या मानवी पेशी लहान कप्प्यांच्या तबकात वाढवून त्यांत अर्काच्या निरनिराळ्या मात्रा घालतात. ४८ तासांनंतर किती पेशी उरल्या, हे रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजतात. मिलिलिटरमागे २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी अर्काने पेशींची वाढ निम्म्यावर आली, तरच तो अर्क प्रभावी मानतात. मात्र तबकातील पेशींना यकृत नसते, रक्ताभिसरण नसते. म्हणून शुद्ध द्रव्य वेगळे करणे, प्राण्यांवरील प्रयोग आणि शेवटी रुग्णांवरील चाचण्या, या पायऱ्या आवश्यक ठरतात.

नरक्याची कथा

कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून वेगळे करण्यात आले. सह्याद्रीतील नरक्या या झाडातही ते असल्याचे टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. परंतु रुग्णांच्या मूत्राशयाला इजा होऊ लागल्याने त्या सुमारास चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच्या रचनेत बदल करून तयार केलेली औषधे १९९६ मध्ये अन्य कर्करोगांसाठी मान्य झाली. याच द्रव्याचे एक रूप प्रतिपिंडाला जोडून बनविलेले औषध स्तनाच्या कर्करोगाच्या एका दुर्धर प्रकारावर अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता पावले. या प्रवासास ५४ वर्षे लागली. इकडे मागणीपायी नरक्याची बेसुमार तोड झाली, ते वेगळेच.

आपले कर्तव्य

काढ्यात द्रव्याची मात्रा निश्चित नसते. सदाफुली तर विषारीही आहे. आरंभी गाठ बहुधा दुखत नाही, आणि काढ्याच्या भरवशावर गेलेले महिने परत मिळत नाहीत. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी वनस्पतींच्या संशोधनाचे महत्त्व अवश्य सांगावे. पण गाठ आढळताच प्रथम आरोग्य केंद्रात तपासणी करून घेण्याचा आग्रह धरावा.