बॅकअप : संगणकातील ठेवीचे रक्षण

३१ मार्च हा बँकेत वार्षिक हिशेब बंद करण्याचा दिवस. २०११ पासून हाच दिवस ‘जागतिक बॅकअप दिन’ म्हणूनही पाळला जातो. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ग्राहकांच्या खात्यांतील नोंदी बँक कधीही एकाच ठिकाणी ठेवत नाही. मुख्य केंद्र बंद पडले तरी दूरच्या दुसऱ्या केंद्रातून व्यवहार चालू राहावेत, अशी तजवीज असते. ग्राहकाच्या घरातील वा दुकानातील संगणकाला मात्र असे संरक्षण क्वचितच लाभते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. ती एकाच हार्ड डिस्कवर विसंबून ठेवणे जोखमीचे होय.

प्रत आणि स्थलांतर

हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. फिरणारा भाग केव्हातरी झिजतो व पुष्कळदा पूर्वसूचनेविना बंद पडतो. नव्या एसएसडीत फिरणारे भाग नसले, तरी तीही अमर नाही. म्हणून यूएसबीने जोडता येणारी बाह्य हार्ड डिस्क उपयोगी पडते. परंतु संगणकातील जागा भरली म्हणून फाइली बाह्य डिस्कवर हलवणे म्हणजे बॅकअप नव्हे. तेथेही प्रत एकच उरते. केवळ जागा बदलते.

तीन, दोन, एक

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांपैकी एक अन्यत्र. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पुरात संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील बाह्य डिस्क, दोन्ही एकदमच पाण्यात जातात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने दुसरा धडा दिला. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा असा प्रोग्राम संगणकाला जोडलेल्या बाह्य डिस्कवरील फाइलींनाही सोडत नाही. म्हणून बॅकअप पूर्ण होताच डिस्क रीतसर वेगळी करून बंदोबस्तात ठेवावी.

संगणक सुरूच न झाल्यास

संगणकाचे बटण दाबताच आतील यूईएफआय किंवा बायोस हा मूळ प्रोग्राम ठरलेल्या क्रमाने डिस्क तपासतो आणि कार्यप्रणाली सुरू करणारा भाग शोधतो. यालाच बूट होणे म्हणतात. केवळ विंडोजचा फोल्डर बाह्य डिस्कवर उतरवल्याने ती बूट होत नाही, कारण हा आरंभीचा भाग तेथे नसतो. त्यासाठी विंडोजमधील ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ची सोय वापरावी. तिला किमान १६ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. मात्र हे साधन तयार होताना त्यावरील आधीची सर्व माहिती पुसली जाते. म्हणून बॅकअपची डिस्क या कामी कदापि वापरू नये. लिनक्स पेनड्राइव्हवरून थेट चालवता येते आणि बंद पडलेल्या विंडोजमधील फाइली त्याद्वारे अनेकदा बाहेर काढता येतात. मूळ डिस्क बिटलॉकरने सुरक्षित केलेली असल्यास मात्र ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती कागदावर छापून स्वतंत्र जपावी.

बाह्य डिस्क हरवू शकते, हेही ध्यानात ठेवावे. तिला पासवर्डचे संरक्षण द्यावे आणि पिन अथवा इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड तिच्यावर लिहून ठेवू नये.

ताळा जमवणे

रोखपाल दिवसअखेर प्रत्यक्ष रोकड मोजतो आणि पुस्तकी शिल्लकेशी ताळा जमवतो. पुस्तकावर विसंबून तिजोरी बंद करत नाही. बॅकअपलाही हाच न्याय लावावा. दर तीन महिन्यांनी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात, आणि रिकव्हरी ड्राइव्हवरून संगणक खरोखर सुरू होतो की नाही, याचीही खात्री करावी. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिला शिल्लक समजू नये.