सहीपूर्वी समजून घ्यावयाचे शब्द : घरबांधणी आणि घरासाठी कर्ज

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' ही म्हण शेतकऱ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. बी-बियाणे आणि खते यांची खरेदी दर हंगामात होते. एका वर्षी चूक झाली तर ती पुढील वर्षी सुधारता येते. घर मात्र बहुधा आयुष्यात एकदाच बांधले जाते. त्यासाठी लागणारे शब्दही त्याच वेळी प्रथम कानावर पडतात आणि ते शिकत असतानाच सही करण्याची वेळ येते. गवंडी, ठेकेदार, सावकार आणि बँक हे एकच शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. पुढे वाद निर्माण झाला, तर कागदावरील अर्थच ग्राह्य धरला जातो. म्हणून या लेखात नेहमी लागणाऱ्या शब्दांचे अर्थ उदाहरणांसह दिले आहेत.

जागेसंबंधीचे शब्द

गावठाण म्हणजे गावातील वस्तीसाठी राखलेली जागा. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. हा नमुना घरपट्टीच्या आकारणीचा आहे. त्यात नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांसही बँकेत दाखविण्याजोगा मालकीचा कागद नसे, याचे हे एक कारण होय. ही उणीव भरून काढण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने स्वामित्व योजना जाहीर केली. तीत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाची मोजणी करून प्रत्येक मिळकतीची पत्रिका तयार केली जाते. आपल्या गावाची मोजणी झाली असल्यास मिळकत पत्रिकेची नक्कल काढून त्यावरील नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा तपासून घ्याव्यात.

शेतजमिनीवर राहते घर बांधावयाचे असल्यास कोणती परवानगी लागते, हे पाया खणण्यापूर्वीच तहसील कार्यालयात विचारावे. परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या घरावर बँक सहसा कर्ज देत नाही.

अंदाजपत्रकातील शब्द

अंदाजपत्रक म्हणजे कामाचे परिमाण, प्रत्येक बाबीचा दर आणि एकूण खर्च यांचा तक्ता. 'एवढ्या रुपयांत घर उभे करून देतो' हे तोंडी आश्वासन अंदाजपत्रकाची जागा घेऊ शकत नाही. पाया, जोते, भिंती, छत, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, वीज आणि पाणी या बाबी त्यात स्वतंत्र दाखविलेल्या असाव्यात. जी बाब लिहिलेली नसते, तिचा खर्च पुढे मालकावर येतो.

ब्रास या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वाळू, खडी आणि मुरूम यांचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा व फरशी यांचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू घेताना 'एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास' असे धरून चालू नये. ट्रॉलीची आतून लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि भरलेल्या मालाची उंची दीड फूट असेल, तर माल ९० घनफूट भरतो. म्हणजे प्रत्येक खेपेस दहावा हिस्सा कमी येतो. माल उतरविण्यापूर्वी फीत लावून मोजण्यात संकोच बाळगू नये.

बांधकाम क्षेत्र आणि चटई क्षेत्र यांतही फरक आहे. भिंतींसह मोजलेले ते बांधकाम क्षेत्र. भिंतींच्या आत वापरावयास मिळणारे ते चटई क्षेत्र. बाहेरून २० फूट रुंद व २५ फूट लांब घराचे बांधकाम क्षेत्र ५०० चौरस फूट होते. भिंती नऊ इंची असल्यास आतील माप साडेअठरा फूट बाय साडेतेवीस फूट, म्हणजे सुमारे ४३५ चौरस फूट राहते. आतील भिंती त्यातूनही वजा होतात. ठेकेदाराचा दर कोणत्या क्षेत्रावर आहे, हे करारात लिहून घ्यावे.

मजुरीचा ठेका आणि मालासह ठेका हे दोन निराळे करार आहेत. पहिल्यात सिमेंट, सळई व वाळू मालकाने आणावयाची असते. दुसऱ्यात ती ठेकेदाराने आणावयाची असते. मालासह ठेक्यात सिमेंटचा प्रकार, सळईची जाडी आणि विटांचा दर्जा नमूद नसल्यास हलका माल वापरला गेला, तरी तक्रारीस आधार राहत नाही.

रकमेसंबंधीचे शब्द

अनुदान परत करावयाचे नसते. कर्ज व्याजासह परत करावयाचे असते. हा भेद सर्वांस ठाऊक असला, तरी 'घरकुलाचे पैसे आले' असे बोलताना दोहोंची सरमिसळ होते. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला, तेव्हा सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १,३०,००० रुपये साहाय्य ठरविण्यात आले व घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठेवण्यात आले. ही रक्कम एकदम मिळत नाही. काम जसजसे पुढे जाते, तसतशी ती हप्त्यांनी लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. पहिला हप्ता हाती येताच घराचा आकार वाढविणाऱ्या कुटुंबाचे काम छतापर्यंत येऊन अडते आणि छतासाठी महाग कर्ज काढावे लागते.

स्वतःचा हिस्सा म्हणजे खर्चापैकी जो भाग कर्जदाराने आपल्या जवळून घालावयाचा, तो. ३० लाख रुपयांपर्यंतच्या घरकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे दहा लाखांच्या घरासाठी निदान एक लाख रुपये शेतकऱ्याजवळ असावे लागतात. हा हिस्सा पीककर्जातून काढण्याचा मोह टाळावा. पीककर्ज हे उत्पादक कर्ज आहे. ते ज्या पिकात घातले जाते, त्या पिकातूनच फिटते. घरातून उत्पन्न येत नाही. पीककर्ज भिंतीत घातल्यास पेरणीच्या वेळी बियाण्यास पैसा उरत नाही, कर्ज मात्र ठरलेल्या तारखेस फेडावेच लागते.

टप्प्याटप्प्याने उचल म्हणजे मंजूर कर्ज पाया, जोते, छत आणि पूर्णता अशा क्रमाने मिळणे. उचललेल्या रकमेवरच व्याज लागते. म्हणून काम पुढे सरकेपर्यंत पुढील उचल घेऊ नये.

व्याजासंबंधीचे शब्द

खेड्यात 'दोन टक्के' म्हटले की शेकडा दरमहा दोन रुपये असा अर्थ घेतला जातो. बँकेत टक्का वर्षाचा असतो. ५०,००० रुपयांवर सावकाराचे 'दोन टक्के' म्हणजे वर्षाला १२,००० रुपये. बँकेचे 'दहा टक्के' म्हणजे पहिल्या वर्षी ५,००० रुपये. ऐकताना दोन हा आकडा दहापेक्षा लहान वाटतो, प्रत्यक्षात तो जवळजवळ अडीचपट महाग पडतो. कोणताही दर ऐकल्यावर 'महिन्याचा की वर्षाचा?' हा प्रश्न प्रथम विचारावा.

दुसरा प्रश्न व्याज कोणत्या रकमेवर, हा आहे. घटत्या शिलकीच्या पद्धतीत फेडलेले मुद्दल वजा करून उरलेल्या रकमेवर व्याज लागते. फ्लॅट दरात मूळ रकमेवर अखेरपर्यंत व्याज लागते. १,००,००० रुपये, दर वर्षाला १० टक्के, मुदत ५ वर्षे आणि दरवर्षी २०,००० रुपये मुद्दल फेड, असे उदाहरण घेऊ. घटत्या शिलकीवर व्याज अनुक्रमे १०,०००, ८,०००, ६,०००, ४,००० आणि २,००० रुपये, म्हणजे एकूण ३०,००० रुपये होते. फ्लॅट दराने ते दरवर्षी १०,००० प्रमाणे ५०,००० रुपये होते. दर दोन्हीकडे दहा टक्केच सांगितला जातो. फरक २०,००० रुपयांचा पडतो.

समान मासिक हप्त्यात मुद्दल व व्याज एकत्र असतात. आरंभीच्या हप्त्यांत व्याजाचा भाग मोठा व मुद्दलाचा लहान असतो. मुदत वाढविली म्हणजे हप्ता लहान होतो, परंतु एकूण व्याज वाढते. शेतकऱ्याचे उत्पन्न महिन्याला येत नाही. ते कापूस, सोयाबीन, कांदा किंवा ऊस यांच्या विक्रीच्या वेळी येते. म्हणून सहामाही किंवा वार्षिक हप्ता मिळेल काय, हे अर्ज करतानाच विचारावे. ते शक्य नसल्यास विक्रीच्या रकमेतून काही महिन्यांचे हप्ते आधीच बाजूस ठेवावेत.

स्थिर दर मुदतीत बदलत नाही. बदलता दर बाजाराप्रमाणे वर-खाली होतो. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या घरकर्जाची मुदतीपूर्वी फेड केल्यास बँकेस त्याबद्दल दंड घेता येत नाही. हा नियम २०१२ पासून आहे. एखाद्या वर्षी पिकास चांगला भाव मिळाल्यास मुद्दलात जादा भरणा करून व्याज वाचविता येते.

गहाण आणि जामीन

साध्या गहाणात जमीन किंवा घर कर्जदाराच्या ताब्यात राहते. ताबेगहाणात ताबा सावकाराकडे जातो व तो उत्पन्न घेतो. शर्तीच्या विक्रीचे गहाण म्हणजे दिसण्यात खरेदीखत, परंतु पैसे परत केल्यास मिळकत परत मिळेल अशी शर्त असलेला दस्त. येथे सर्वांत अधिक सावधगिरी हवी. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्यातील १९२९ च्या दुरुस्तीनुसार अशी शर्त त्याच दस्तात लिहिलेली नसल्यास तो व्यवहार गहाण मानला जात नाही. 'खरेदीखत नावापुरते आहे, पैसे दिले की जमीन परत' हे तोंडी वचन, किंवा निराळ्या कागदावर लिहून दिलेली शर्त, खरेदीखतास गहाण बनवू शकत नाही. कर्जासाठी खरेदीखत करून देऊच नये. शंभर रुपये किंवा अधिक रकमेचे साधे गहाण नोंदणीकृत आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्यांचे असावे लागते.

बोजा म्हणजे कर्जाची सातबाऱ्यावरील नोंद. ती 'इतर हक्क' या सदरात होते. कर्ज फिटल्यावर बोजा आपोआप उतरेल असे समजू नये. बँकेचा दाखला ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, देऊन नोंद कमी झाल्याची खात्री करावी. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

जामीनदार हा केवळ ओळख देणारा नसतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसल्यास, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. शेजारधर्म म्हणून सही करणाऱ्याने आपणच ते कर्ज घेत आहोत असे समजून विचार करावा.

न समजलेल्या कागदाचे परिणाम महाराष्ट्राने पाहिले आहेत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा त्यांचा राग मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते रोखे हिसकावून जाळण्यात आले. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि शेतकऱ्यांचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची व्यवस्था करण्यात आली. आज कागद समजावून घेण्याचा हक्क अधिक स्पष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या घरकर्जात बँका व वित्त कंपन्या यांनी कर्जदारास समजणाऱ्या भाषेत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे आवश्यक आहे. त्यात सर्व शुल्क धरून काढलेला वार्षिक दर असतो. विवरणपत्रात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेता येत नाही. पतसंस्था व सावकार यांस रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू नाही. तेथे हीच माहिती लेखी मागून घ्यावी आणि सावकाराचा परवाना पाहावा.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बँकेचा कोरा अर्ज व विवरणपत्राचा नमुना आणून तो चावडीवर किंवा शाळेत वाचून दाखवावा. घरातील स्त्रियांसही बोलवावे. हप्त्याची ओढाताण त्यांनाच अधिक सोसावी लागते. पुढील सहा प्रश्न फळ्यावर लिहून द्यावेत :

१. दर महिन्याचा की वर्षाचा?
२. व्याज मूळ रकमेवर की घटत्या शिलकीवर?
३. व्याज व शुल्क धरून अखेरपर्यंत एकूण किती रुपये भरावयाचे?
४. हप्त्याची तारीख कोणत्या पिकाच्या विक्रीनंतर येते?
५. गहाण कोणत्या प्रकारचे, आणि कोणत्या गटाचे?
६. हप्ता चुकल्यास काय होईल, हे कोठे लिहिले आहे?

या सहा प्रश्नांची उत्तरे रुपयांत आणि लेखी मिळेपर्यंत सही करू नये. पाया भरण्यास आठ दिवस उशीर झाला, तरी घराचे काही बिघडत नाही. न समजता केलेल्या सहीने मात्र ज्या जमिनीच्या उत्पन्नावर ते घर चालावयाचे, ती जमीनच हातची जाऊ शकते.