तिळगूळ आपल्याला, साखरेचा पाक मधमाशीला



पौष महिन्यात कारखान्याची गव्हाण जोरात चालू असते. या दिवसांत उसाच्या मोळ्यांवर, तोडलेल्या बुडख्यांवर, रसवंतीच्या चरकावर आणि गुऱ्हाळाच्या काहिलीभोवती मधमाश्या घोंगावताना आपण सगळेच पाहतो. कितीतरी माश्या रसात पडून मरतात. ते पाहून पुष्कळजण म्हणतात, "माशीची काय चैन चाललीय बघा, जिकडं तिकडं गोडच गोड!"

बंधूंनो, ही चैन नव्हे. फुलात मकरंद असला म्हणजे माशी काहिलीकडे सहसा फिरकत नाही. ती तिथे गर्दी करते याचा अर्थ शिवारात तिला पुरेसे फूल मिळत नाही. ही भुकेची खूण आहे.

ज्या सभासदांनी बांधावर मधपेट्या ठेवल्या आहेत, आणि जे येत्या उन्हाळ्यात टरबूज, खरबूज किंवा उन्हाळी सूर्यफूल घेणार आहेत, त्यांनी ही माहिती लक्षपूर्वक वाचावी. सांगायचे ते थोडक्यात असे: फुलोऱ्याच्या सहा आठवडे आधी पेटीला पातळ पाक सुरू करावा, तो पांढऱ्या साखरेचाच असावा, आणि फुलोरा लागताच तो बंद करावा.

भूक नेमकी कधी पडते?

नांदेड-लातूर भागात मधमाशीचे उपासाचे दिवस दोन. एक भर पावसाळ्यात, आषाढ-श्रावणात. दुसरा हिवाळा सरता सरता, पौष-माघात. पावसाळ्याचा उपास सर्वांना माहीत आहे. दुसरा मात्र लक्षात येत नाही, कारण तो पूर्वी एवढा कडक नव्हता.

आपल्या वडिलांच्या काळात तूर फुलून गेली की मागोमाग करडई फुलायची. रब्बी ज्वारीच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी असायच्या, जनावर आत शिरू नये म्हणून. पुढे सूर्यफूलही आले. त्यामुळे माशीला तुरीपासून कडुनिंबाच्या मोहरापर्यंत पोट भरायला काहीतरी मिळत असे. १९९० नंतर आपल्याकडे सोयाबीन आणि त्यामागे हरभरा असा फेर बसला, आणि करडई-सूर्यफुलाचे क्षेत्र फार घटले. हरभऱ्याचे फूल आपले आपणच फळते, माशीच्या पदरी त्यातून फारसे काही पडत नाही. उसाच्या तुऱ्यात तर मकरंद नसतोच. रब्बी ज्वारीच्या कणसावर सकाळी पराग मिळतो, पण तोही थोडे दिवस. म्हणजे तूर संपल्यापासून कडुनिंब फुलेपर्यंत दीड-दोन महिने पेटी साठवलेल्या मधावर जगते.

त्यातच थंडी. पोळ्यातल्या पिलांभोवती माश्यांना ३४-३५ अंश ऊब राखावी लागते. ही ऊब मध खाऊनच तयार होते. बाहेरून आवक नाही आणि आत खर्च चालू, अशी स्थिती झाली की राणी अंडी घालणे कमी करते. फाल्गुनात फुले येतात तेव्हा पेटीत ती गोळा करायला माणूसबळच नसते. टरबुजात नरफूल वेगळे, मादीफूल वेगळे. माशी फिरली नाही तर फळ धरत नाही, धरले तर वेडेवाकडे होते. मग आपण बियाण्याला आणि औषधाला दोष देत बसतो.

सहा आठवड्यांचा हिशेब

हा हिशेब प्रत्येक मधपाळाने पाठ करावा. राणीने आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर यायला साधारण २१ दिवस लागतात. बाहेर आल्यावर ती लगेच शेतात जात नाही. सुमारे तीन आठवडे ती घरातच राबते: पिलांना भरवणे, मेण काढणे, झाडलोट, राखण. त्यानंतर ती फुलावर जाते. म्हणजे अंडे ते फुलावरची माशी, सुमारे सहा आठवडे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ज्याचे टरबूज फुलणार, त्याने पाक जानेवारीच्या मध्यालाच सुरू केला पाहिजे. यासाठी संक्रांत ही सोपी खूण. माणसांना तिळगूळ वाटायचा त्या दिवशी पेटीला पहिला पाक द्यायचा. फुले दिसल्यावर पाक सुरू करणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्या पाकावर वाढलेल्या माश्या कामाला येतात तेव्हा फुलोरा ओसरलेला असतो आणि पेटीत खाणारी तोंडे तेवढी वाढतात. ज्याचे फूल लवकर वा उशिरा, त्याने आपल्या पिकाच्या फुलोऱ्यापासून सहा आठवडे मागे मोजावे.

पातळ पाकच का?

राणी किती अंडी घालणार हे बाहेरून येणाऱ्या मकरंदावर फार अवलंबून असते. आवक सुरू झाली की कामकरी माश्या राणीला जास्त भरवतात आणि तिची अंडी वाढतात. भर हंगामात मेलिफेरा जातीची चांगली राणी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते. पातळ पाक थोडा थोडा दिला म्हणजे माश्यांना फुलोरा लागल्यासारखे वाटते. दाट पाक दिला तर त्या तो साठवून ठेवतात. पावसाळ्याच्या बेगमीसाठी दाट पाक ठीक, पण आता आपल्याला साठा नको, पिले हवीत.

पाक असा करावा

१. एक किलो स्वच्छ पांढरी साखर आणि एक लिटर पाणी. याचा सुमारे दीड लिटरच्या वर पाक होतो.

२. पाणी उकळावे, भांडे चुलीवरून उतरवावे, मग साखर घालून ढवळावे. साखर चुलीवर आटवू नये. करपलेली साखर माशीला बाधते. लिंबू किंवा इतर आंबट काही घालू नये.

३. कोमट झाल्यावर सायंकाळी द्यावा. एक-दोन दिवसांत संपेल एवढाच करावा. आंबलेला पाक फेकून द्यावा.

गूळ, काकवी, मळी का नको?

हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. "घरात गुळाच्या ढेपा पडल्यात की. साखर इकत आणून माशीला कशाला घालायची?" विचारणे रास्त आहे. खरे सांगायचे तर ही चूक आम्ही स्वतः केली आहे. बेणेमळ्याच्या बांधावर आमच्या ६ पेट्या होत्या. गुळाला लोह असते, ताकद असते, म्हणून आम्ही गुळाचे पाणी दिले. आठवड्याभरात पेटीच्या तोंडाशी तपकिरी डाग दिसू लागले. माश्या पोट फुगून जमिनीवर सरपटत होत्या. दोन पेट्या बसल्या आणि उरलेल्या चार त्या उन्हाळ्यात अशक्तच राहिल्या.

कारण असे की गुळात आणि काकवीत क्षार व इतर मळ असतो, मळीत तर तो फारच. माणसाला जे क्षार चांगले, ते माशीला पचत नाहीत. तिला हगवण लागते. शिवाय गुळाचे पाणी लवकर आंबते. पांढऱ्या साखरेत हा मळ जवळजवळ नसतो आणि ती फोडून पचवण्याचा रस माशीच्या अंगातच असतो. कारखान्यात रस स्वच्छ करून मळी वेगळी काढली जाते, हे आपण सभासद जाणतोच. जे आपण साखरेतून काढून टाकतो, तेच माशीला घालू नये.

देण्याची रीत

१. आधी दुपारच्या उन्हात पेटी उघडून पाहावी. राणी आहे का, ताजी अंडी दिसतात का, मध किती शिल्लक आहे, हे तपासावे. राणीच नसेल तर पाक देऊन उपयोग नाही. दोन-तीन चौकटी मधाने भरलेल्या असतील तर पाकाची घाई नाही.

२. माश्यांनी झाकलेल्या नाहीत अशा रिकाम्या चौकटी काढून घ्याव्यात आणि फळी लावून जागा कमी करावी. जागा कमी तर ऊब टिकते, आणि मेणकिडाही आवरतो.

३. पाक पेटीच्या आतच द्यावा. झाकणाला बारीक भोके पाडलेली बरणी चौकटींवर पालथी ठेवावी. पसरट भांडे असेल तर त्यात काड्या टाकाव्यात, नाहीतर माश्या बुडतात.

४. मेलिफेराच्या सहा-सात चौकटींच्या पेटीला एक दिवसाआड सुमारे २०० मिलिलिटर पाक पुरे. सातेरीच्या पेटीला याच्या निम्मा.

५. बाहेर थेंबही सांडू देऊ नये. सांडला की दुसऱ्या पेट्यांच्या माश्या येतात आणि दुबळी पेटी लुटून फस्त करतात. पेटीचे दार लहान करावे. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

६. आठवड्याने पुन्हा पाहावे. पिलांच्या जागेतच पाक साठवू लागल्या असतील तर देणे कमी करावे, नाहीतर राणीला अंडी घालायला जागा राहत नाही.

सहा आठवड्यांचा खर्चही मांडून पाहू. दिवसाआड म्हणजे २१ वेळा, प्रत्येकी २०० मिलिलिटर, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आत पाक. त्याला साखर लागते अडीच ते पावणेतीन किलो. घरच्या वापरातली एवढी साखर एका पेटीसाठी बाजूला ठेवणे कोणाला जड नाही.

परागाची आठवण ठेवा

नुसत्या साखरेवर पिले पोसली जात नाहीत. साखर हे इंधन, पराग हे अन्न. माश्या पायांना रंगीत गोळ्या लावून आत येत असतील तर पराग मिळतो आहे असे समजावे. येत नसतील तर भाजलेल्या हरभऱ्याचे किंवा तेल काढलेल्या सोयाबीनचे बारीक पीठ, थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पिठीसाखर पाकात मळून चपटी वडी करावी व कागदावर चौकटींच्या वर ठेवावी. चार दिवसांत न खाल्लेली वडी काढून टाकावी. बुरशी येऊ देऊ नये.

पाक केव्हा थांबवावा?

फुलोरा लागला की त्याच दिवशी बंद. मधाची वरची कोठी चढवण्याआधी तर नक्कीच. येथे आम्ही सभासदांना कळकळीने सांगतो की पाक हा माश्या वाढवण्यासाठी आहे, मध वाढवण्यासाठी नाही. हंगामात पाक पाजून काढलेला मध हा मध नव्हेच. ती ग्राहकाची फसवणूक आहे.

आणि ती लपतही नाही. ऊस, ज्वारी, मका ही पिके हवेतला कार्बन ज्या रीतीने बांधतात, ती रीत तूर, करडई, सूर्यफूल, कडुनिंब यांच्यापेक्षा निराळी आहे. त्यामुळे उसाच्या साखरेतला कार्बन प्रयोगशाळेत वेगळा ओळखू येतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार मधात या गटातली साखर ७ टक्क्यांवर चालत नाही. एकाने लबाडी केली तर साऱ्या गावचा मध बदनाम होतो. सहकारात वाढलेल्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

शेवटी थोडेसे

आग्या आणि फुलोरी या माश्या पेटीत राहत नाहीत. त्यांची मोहोळे जाळू नयेत, त्याही आपल्याच पिकावर राबतात. पेटीत पाळायच्या त्या सातेरी आणि मेलिफेरा. मेलिफेरा ही परदेशी माशी आपल्या देशात १९६२ पासून हिमाचलातल्या नगरोटा येथे चांगली रुळली आणि तिथून पसरली. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वरला राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. या दोन्ही संस्थांकडून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून शिकून घेतल्याशिवाय पेटी आणू नये.

फुलोऱ्यात फवारणी टाळावी. करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर करावी आणि शेजारच्या पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगावे. आणि जमेल त्याने येत्या रब्बीत ज्वारीच्या कडेने पुन्हा करडईच्या चार ओळी टाकाव्यात. पाक हा अडचणीतला उपाय आहे. माशीचे खरे अन्न शिवारातच पिकले पाहिजे, आणि ते पिकवणे आपल्या हाती आहे.